वनसहल : सागरेश्वरच्या डोंगरावरील पाठ

सहल ही केवळ करमणूक नव्हे. ती चार भिंतींबाहेर भरलेली शाळाच होय. सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत असे. तथापि या प्रदेशाच्या दोन टोकांत केवढा फरक! महाबळेश्वरी वर्षास सरासरी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आटपाडी-जतकडे त्याच्या दशांशाच्या आसपास. पुस्तकात वाचलेला हा फरक वनात डोळ्यांना दिसतो.

कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. बामणोलीहून शिवसागर जलाशय ओलांडून वासोट्यास जाता येते. परंतु ती चढण व ते घनदाट अरण्य लहान मुलांस झेपणारे नाही. त्यांच्यासाठी सागरेश्वर अभयारण्य योग्य होय. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे याच्या जवळच आहे.

सागरेश्वरचे वन मानवनिर्मित आहे. बारमाही पाणी नसलेल्या डोंगरावर माणसांनी ते वाढविले आणि बहुतेक वन्य प्राणीही बाहेरून आणून सोडले. १९८५ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे १०.८७ चौरस किलोमीटर. उजाड माळ पाहत वाढणाऱ्या मुलास येथे कळते की, उजाडपणा ही डोंगराची जन्मखूण नव्हे.

सहलीपूर्वी : वनखात्याची परवानगी व पालकांची संमती घ्यावी. वर्गात एक प्रयोग करावा. दोन पसरट डबे घेऊन एकात गवतासह मातीचे ढेकूळ व दुसऱ्यात नुसती माती ठेवावी. दोन्ही सारखे तिरके करून सारखेच पाणी ओतावे. कोणते पाणी अधिक गढूळ निघते, हे मुलांनीच सांगावे.

सहलीत : मुलांच्या लहान तुकड्या कराव्यात. मौन पाळल्यास सांबर, चितळ किंवा काळवीट दिसण्याचा संभव असतो. न दिसल्यास पाऊलखुणा व लेंड्या पाहाव्यात. प्राण्यांस खाऊ घालू नये, काडी पेटवू नये. माथ्यावरून कृष्णाकाठची हिरवी शेती दाखवावी आणि विचारावे : डोंगरावर झाड नसते, तर पावसाबरोबर येथील माती कोठे गेली असती?

सहलीनंतर : आपल्या गावच्या डोंगराचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा. झाडे कोठे आहेत, चराई कोठे होते, वणवा कोठे लागतो, हे त्यात दाखवावे. येथे शिक्षकाने तारतम्य बाळगावे. वर्गातील कित्येक मुलांच्या घरी शेळ्या असतात व त्यांवरच संसार चालतो. अशा मुलास अपराधी वाटेल असे बोलू नये. उलट, चराई व झाडे दोन्ही कशी राखता येतील, हा प्रश्न त्यालाच विचारावा. डोंगर त्याच्याइतका कोणी पाहिलेला नसतो.

पुढील पावसाळ्यात प्रत्येक वर्गाने निदान पाच रोपे लावून त्यांना कुंपण करावे व उन्हाळ्यात पाणी घालण्याच्या पाळ्या ठरवाव्यात. दुसऱ्या वर्षी किती रोपे जगली, यावरूनच सहलीचे फलित मोजावे.