गुणाकार : पाठांतर आणि समजूत

अंकगणिताच्या चार मूळ कृतींपैकीं बेरीज व वजाबाकी या दोन कृती मूल बोटांवर शिकतें. गुणाकार मात्र तें तोंडानें शिकतें. पाढे म्हणतां म्हणतां जीभ वळते, आणि जीभ वळली म्हणजे गुणाकार आला असें घरचीं माणसें, व कित्येक वेळां शिक्षकही, समजतात. 'सात आठे किती ?' असें विचारलें असतां 'छप्पन्न' हें उत्तर तत्काळ येतें. परंतु 'छप्पन्नच कां?' असें विचारतांच वर्गांत शांतता पसरते. या लेखांत आम्ही त्या 'कां'चा विचार करणार आहों. पाढे पाठ करूं नयेत असें सांगण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. पाठ असलेला पाढा हा विद्यार्थ्याचा मोठा आधार आहे. परंतु विसरलेला पाढा पुन्हां रचतां आला पाहिजे, आणि रचतां येण्यासाठीं तो आधीं समजलेला असला पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आपल्या चिखलीस हा विचार विशेष अगत्याचा आहे. इंद्रायणीकांठचें हें शेतकऱ्यांचें गांव इ. स. १९९७ मध्यें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें. पिंपरी, भोसरी व चाकण येथील कारखान्यांमुळें या भागांत दूरदूरचीं कुटुंबें येऊन वसलीं. त्यामुळें एकाच बाकावर एक मूल 'बे दुणे चार' म्हणतें, तर त्याच्या शेजारचें मूल घरीं शिकलेलें 'दो दूनी चार' मनांत घोळवीत असतें. ज्याचा गुणाकार केवळ जिभेवर आहे, तें मूल भाषा बदलतांच अडखळतें, आणि त्याच्या बुद्धीचा कांहीं दोष नसतां त्यास 'ढ' हें नांव मिळतें. हें नांव फार लवकर चिकटतें व फार उशिरां सुटतें. गुणाकाराची समजूत ही कोणा एका भाषेची मिरास नव्हे. ती ज्यास आली त्याचें शब्दावांचून अडत नाहीं.

प्रथम पाढ्यांतील शब्दच पाहा. 'पांच त्रिक पंधरा' असें आपण म्हणतों. 'त्रिक' म्हणजे तिहींचा समूह. 'दुणे' हा शब्द 'द्विगुण' यापासून, 'चोक' हा 'चतुष्क' यापासून व 'सक' हा 'षट्क' यापासून आलेला आहे. म्हणजे 'पांच त्रिक पंधरा' याचा सरळ अर्थ असा कीं, पांच ही संख्या तीन वेळां घेतली तर पंधरा होतात. पाढा ही निरर्थक अक्षरांची माळ नव्हे. तीं पूर्ण अर्थाचीं वाक्यें आहेत, फक्त घाईंत म्हटल्यामुळें त्यांचा अर्थ आपल्या कानांवरून निसटून जातो.

आतां पाटीवर सहा सहा ठिपक्यांच्या चार ओळी मांडा. एकंदर २४ ठिपके झाले. पाटी आडवी फिरवा. आतां चार चार ठिपक्यांच्या सहा ओळी दिसतील. एकही ठिपका वाढला नाहीं कीं कमी झाला नाहीं. म्हणून सहा चोक आणि चार सक हे एकच. तुमच्यापैकीं पुष्कळांचे वडील कारखान्यांत काम करितात. सुटे भाग ठेवण्याच्या ट्रेमध्यें आठ ओळी व प्रत्येक ओळींत बारा खण असले, तर भाग किती हें ते कसें सांगतात, तें त्यांस विचारा. कोणीही एकेक खण मोजीत बसत नाहीं. ओळी आणि ओळींतील खण यांवरून ९६ हें उत्तर एका दृष्टिक्षेपांत निघतें.

या एका गोष्टीनें पाठांतराचें ओझें किती हलकें होतें तें पाहूं. एक ते दहा यांचे पाढे म्हणजे १०० गुणाकार. पाटी फिरविण्याचा नियम ध्यानांत घेतला तर त्यांतले निराळे असे ५५ च उरतात. एकाचा पाढा कोणास शिकवावा लागत नाहीं. १० गुणाकार गेले, उरले ४५. दहाच्या पाढ्यांत फक्त शून्य मांडावयाचें. ९ गेले, उरले ३६. बेचा पाढा म्हणजे दुप्पट; ८ गेले, उरले २८. पांचाचा पाढा म्हणजे दहाच्या पाढ्याची निमपट; आणखी ७ गेले, उरले २१. नवाचा पाढा म्हणजे दहापटींतून ती संख्या एकदां वजा करणें. सात नव्वे म्हणजे ७० उणे ७, अर्थात् ६३. असे ६ गेले. बाकी उरले अवघे १५ गुणाकार ! तीन, चार, सहा, सात व आठ या पांच अंकांचे आपापसांतले गुणाकार तेवढे हे होत. शंभरांस भिणाऱ्या विद्यार्थ्यास पंधरांचें भय वाटण्याचें कारण नाहीं.

आणि या पंधरांतला एखादा विसरला तर ? तर तो फोडावा. सात आठे आठवत नसेल तर आठाचे ५ व ३ असे दोन भाग करावे. सात पंचे ३५, सात त्रिक २१; दोहोंची बेरीज ५६. वर विचारलेल्या 'कां'चें उत्तर हेंच.

संख्या फोडून गुणण्याची ही युक्ति आमची नव्हे, किंवा आजकालचीही नव्हे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचलेल्या 'लीलावती' या ग्रंथांत ती स्पष्ट सांगितलेली आहे. तेथें १३५ ला १२ नीं गुणण्याचें उदाहरण घालून आचार्य एकच रीत दाखवून थांबत नाहींत. १२ चे ८ व ४ असे भाग केले तर १०८० व ५४० मिळून १६२० होतात. १२ म्हणजे चार त्रिक असें धरलें, तर १३५ ची तिप्पट ४०५ व तिची चौपट १६२०. स्थानांप्रमाणें एक दशक व दोन एकक असे वेगळे केले तर १३५० व २७० मिळून तेंच उत्तर. फार काय, १२ मध्यें ८ मिळवून २० केले व २० नीं गुणून आलेल्या २७०० मधून आठपट म्हणजे १०८० वजा केले, तरीही १६२० च. शेवटीं १६२० ला १२ नीं भागून पुन्हां १३५ येतात कीं नाहीं, तेंही ते विचारतात. आचार्यांस उत्तराची वाण नव्हती. एका उत्तराकडे अनेक वाटा जातात, आणि वाटा जाणणारा मनुष्य रानांत चुकत नाहीं, हेंच त्यांस शिकवावयाचें होतें असें आम्हांस वाटतें.

भास्कराचार्यांचा आपल्या महाराष्ट्राशीं संबंध जवळचा आहे. चाळीसगांवजवळ पाटण येथें इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. आचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापन केला व निकुंभ घराण्यानें त्यास दान दिलें, असें त्यांत नमूद असून लेखाचा कांहीं भाग मराठींत आहे. गणिताच्या अध्ययनासाठीं दान देणारे लोक या भूमींत आठशें वर्षांपूर्वीं होते, हें आपण विसरूं नये.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळेंत आणखी एक प्रकार असे. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी म्हणवून घेत. औट म्हणजे साडेतीन. त्या काळीं रुपयाचे १६ आणे व शेराचे १६ छटाक असत. पावली, अधेली, पावशेर अशा चौथाईंनींच बाजार चाले. म्हणून सव्वा रुपया दरानें १४ नगांची किंमत सांगतांना वाणी कागद घेत नसे. चौदाची सवायकी साडेसतरा हें त्याच्या जिभेवर असे. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर पैसे झाले, १९५८ पासून किलोग्रॅमची वजनें येऊं लागलीं, आणि हीं कोष्टकें हळूहळू शाळेंतून गेलीं. त्यांविषयीं शोक करण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांतील विचार मात्र गेलेला नाहीं. सवायकी म्हणजे ती संख्या अधिक तिची चौथाई. सोळाची सवायकी १६ आणि ४ मिळून २०. आज दुकानदार 'शेंकडा २५ सूट' अशी पाटी लावतो, तेव्हां तो नकळत पाऊणकीच म्हणत असतो. ४५० रुपयांवर शेंकडा १८ कर किती, हें काढावयाचें असेल तर शेंकडा २० प्रमाणें ९० धरावे व शेंकडा २ चे ९ वजा करावे. ८१ हें उत्तर. ही तर आचार्यांची मिळवून वजा करण्याचीच रीत.

आपल्या मराठी संख्यानामांतही ही रीत लपलेली आहे. एकोणपन्नास म्हणजे एकानें ऊन पन्नास. म्हणून ४९ ला ६ नीं गुणतांना पन्नास सक तीनशें, त्यांतून सहा गेले, उरले २९४. नांव नीट ऐकलें तर तेंच वाट दाखवितें.

आतां कोणी म्हणेल, खिशांतील यंत्र क्षणांत गुणाकार करितें, मग ही यातायात कशाला ? त्यास आमचें उत्तर असें कीं, यंत्र बोट दाबलें तेवढेंच करितें. बोट चुकलें तर चुकीचें उत्तरही तें तितक्याच ऐटीनें दाखवितें. ४८ ला २१ नीं गुणतांना एक शून्य अधिक दाबलें गेलें तर यंत्र १००८० दाखवील. ज्यास समजूत आहे तो मनांत म्हणेल, 'पन्नास गुणिले वीस म्हणजे हजार. उत्तर हजाराच्या आसपास पाहिजे', आणि तो थांबेल. खरें उत्तर १००८ आहे. तुमच्यापैकीं पुष्कळ जण पुढें यंत्रशाळेंत, हिशेबाच्या मेजावर किंवा स्वतःच्या दुकानांत बसाल. तेथें एका शून्यानें मागणी दसपट होते, आणि तो तोटा कोणाच्या तरी पगारांतून भरून निघतो.

पालकांस व आमच्या व्यवसायबंधूंस एक विनंति. मूल पाढ्यांत अडलें असतां त्यास लगेच उत्तर सांगूं नये, आणि रागावूंही नये. 'तुला याच्या जवळचें काय येतें ?' असें विचारावें. आठ सक येत नसेल, पण आठ पंचे ४० येत असेल, तर त्यांत आणखी एक आठ मिळवून तें स्वतःच ४८ पर्यंत पोंचेल. असें स्वतः मिळविलेलें उत्तर सहसा विसरत नाहीं, आणि त्याबरोबर 'मला गणित येतें' हा विश्वासही मिळतो. तो विश्वास एकदां आला म्हणजे पाठांतर आपोआप सोपें होतें.

सुटींत पुढील उदाहरणें कागदावांचून करून पाहावीं.

(१) १७ ला ६ नीं निदान दोन रीतींनीं गुणा.
(२) ९९ ला ७ नीं गुणा. 'नव्याण्णव' शंभरास किती कमी हें ध्यानांत ठेवा.
(३) चोवीसची सवायकी, पाऊणकी व दिडकी सांगा.
(४) एका ट्रेमध्यें २५ खणांच्या १६ ओळी आहेत. पाढा न म्हणतां खण किती तें काढा. सोळा म्हणजे चार चोक, एवढी खूण पुरे.

उत्तरें आम्ही येथें देत नाहीं. प्रत्येक उत्तर दुसऱ्या वाटेनें पुन्हां काढून पाहावें. दोन्ही वाटा एकाच ठिकाणीं मिळाल्या, तर आपलें उत्तर बरोबर आहे हें दुसऱ्या कोणास विचारावें लागणार नाहीं.