बेटावरचे गाव

चारी बाजूंनी पाणी आणि मधे जमीन, तिला बेट म्हणतात. आम्ही मुळशीकडची माणसे डोंगरातली. समुद्र काही आमच्या रोजच्या पाहण्यातला नाही. पण पाण्यापलीकडे जायचे तर लाँच हवी, हे धरणाकाठच्या माणसाला सांगायला नको. म्हणून आज आपण एका बेटावरच्या गावाची माहिती घेऊ या.

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे 10 किलोमीटरवर, भर समुद्रात घारापुरी बेट आहे. लाँचने जायला तासभर लागतो. तेथे पोर्तुगीजांना दगडाचा एक मोठा हत्ती दिसला. त्यावरून त्यांनी बेटाला 'एलिफंटा' नाव दिले. तो हत्ती आता मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. बेटावरच्या डोंगरात शंकराची कोरीव लेणी आहेत. 1987 साली त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. देशोदेशीचे लोक ती पाहायला येतात आणि संध्याकाळी परत जातात.

पण बेटावर गावही आहे बरं का! शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या. माणसे हजार-बाराशे. तालुका उरण, जिल्हा रायगड. तिन्ही वस्त्या मिळून ग्रामपंचायत एकच.

येथले लोक काय करतात? कोणी लेणी दाखवतो, कोणी दुकान मांडतो, कोणी खानावळ चालवतो. कोणी मासे धरतो, कोणी होड्या दुरुस्त करतो, कोणी भात लावतो. सोमवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी पाहुणे नाहीत, म्हणजे विक्रीही नाही. भोवती समुद्र आहे, पण ते पाणी खारे. ते पिता येत नाही. म्हणून पावसाचे पाणी अडवून साठवावे लागते.

संध्याकाळी शेवटची लाँच सुटते. पाहुण्यांना बेटावर रात्री राहायची परवानगी नाही. मागे उरतात ती फक्त गावची माणसे. आता समजा, मध्यरात्री कोणाच्या पोटात दुखू लागले. एस.टी. नाही, जीप नाही, बैलगाडीसुद्धा नाही. कोणीतरी उठून होडी काढली पाहिजे. आज ज्याच्याशी भांडलो, उद्या त्याच्याच होडीत बसायची वेळ येते. म्हणून बेटावर रुसून चालत नाही.

समुद्रावर शेजारधर्म किती मोलाचा, ते 18 डिसेंबर 2024 रोजी दिसले. घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. 15 माणसे गेली. पण आसपासच्या बोटी तातडीने धावून आल्या, म्हणून बहुतेक प्रवासी वाचले.

आता विजेची गोष्ट ऐका. घारापुरीच्या लोकांना रात्री समोर मुंबईचे लखलखते दिवे दिसत. त्यांच्या घरी मात्र जनरेटरवर संध्याकाळचे तीनेक तास काय तो उजेड. नंतर अंधार. मुलांनी अभ्यास करायचा तो तेवढ्यातच. गावकरी वर्षानुवर्षे वीज मागत राहिले. अखेर समुद्राच्या तळाशी साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकली गेली. फेब्रुवारी 2018 मध्ये बेटावर कायमची वीज आली. देश स्वतंत्र झाल्याला तेव्हा 70 वर्षे होऊन गेली होती!

मंडळी, मुंबईच्या त्या दिव्यांशी आपलाही संबंध आहे. मुंबईला वीज हवी म्हणून आपल्या खोऱ्यात टाटांचे धरण झाले. आपल्या वाडवडिलांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. त्याविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. आणि वीज? ती गेली घाट उतरून मुंबईला. धरणाकाठच्या आपल्याच काही वाड्यांना किती वर्षे कंदिलावर काढावी लागली, हे तुम्ही जाणताच.

घारापुरी आणि मुळशी. एक समुद्रात, एक डोंगरात. उजेड जवळून गेला, पण घरात यायला उशीर झाला. जे दूर किंवा आडबाजूला राहतात, त्यांचा आवाज लवकर पोचत नाही. एकट्याचा तर नाहीच नाही. वाडीने वेगळा अर्ज करायचा आणि गावाने वेगळा, असे केले तर दोन्ही कागद धूळ खातात. तीन वस्त्यांची एक पंचायत, तसा आपलाही आवाज एक हवा. आता तुम्हांला लिहिता येते. अर्ज स्वतः लिहा. खाली अंगठा नको, सही करा. आणि आपल्या सहीशेजारी शेजाऱ्याची सही घ्या.

प्रश्न
1. बेट म्हणजे काय?
2. घारापुरीच्या तीन वस्त्यांची नावे लिहा.
3. बेटावर रुसून का चालत नाही?
4. तुमच्या वाडीची एक अडचण सर्वांनी मिळून ठरवा. तिच्याविषयी ग्रामपंचायतीला पाच ओळींचा अर्ज लिहा.