बाळ रडत नाही, म्हणून ते शहाणं?



चौथीच्या वर्गात 'आमच्या घरी' या विषयावर मुलं बोलत होती. एक मुलगी म्हणाली, "सर, आमचं बाळ खूप शहाणं आहे. कालपासून रडलंच नाही, नुसतं झोपतंय." बाळ नऊ दिवसांचं. वर्ग हसला, मीही हसलो. मधल्या सुट्टीत मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. आशाताईंना फोन लावला. त्या घरी पोचल्या तेव्हा बाळ अंगावर पीत नव्हतं आणि पोटही हाताला गार लागत होतं. लगेच १०८ बोलावली. रक्तात जंतुसंसर्ग निघाला. बारा दिवस जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात राहून बाळ घरी आलं.

आपल्याला वाटतं, आजारी बाळ रडणार, तापाने फणफणणार. तान्ह्या बाळाचं बऱ्याचदा उलटं असतं. जंतुसंसर्गात त्याचं अंग गार पडू शकतं आणि ते गप्प होतं. म्हणून पहिली खूण दुधाची. काल नीट ओढणारं बाळ आज ओढत नाही, उठवलं तरी लगेच पेंगतं, हातपाय ढिले सोडतं, आवाज क्षीण झालाय. यातलं काहीही दिसलं तरी त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, दवाखाना गाठायचा. नुसते तळपाय गार असतील तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी घेऊन वरून पांघरूण घालावं. पोटही गार लागत असेल तर थांबू नये. थर्मामीटर असेल तर काखेत लावा. ९९.५ फॅरनहाइट किंवा जास्त म्हणजे ताप, ९५.९ च्या खाली म्हणजे धोका.

श्वास मोजायला घड्याळ पुरतं. बाळ शांत असताना पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण तान्ह्यांचा श्वास एकसारखा नसतो. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. पुन्हा तेवढेच आले, किंवा श्वास घेताना छाती खोल आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, तर निघा. झटके, निळसर ओठ, हिरवी उलटी, नाळेभोवती लाली किंवा पू यांतही वाट पाहणं नाही.

काविळीबद्दल आपल्याकडे गैरसमज फार. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडा पिवळेपणा बऱ्याच बाळांना येतो आणि जातो. पण पहिल्या २४ तासांतच पिवळं दिसलं, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर कोवळ्या उन्हावर विसंबू नका. ती वाढली तर मेंदूला इजा करते.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट देतात. आमच्या बाळाचा नववा दिवस नेमका दोन भेटींच्या मधला. त्या मधल्या दिवसांत डोळे घरच्यांचेच.

आता अवघड मुद्दा. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नाही, ही रीत. विश्रांतीसाठी ती ठीक आहे. पण आजारी बाळासाठी ती पाळायची नाही, हे आजीला बाळंतपणाच्या आधीच सांगून ठेवा. ऐन वेळी वाद घालण्यात तास जातात. दृष्ट काढायची तर काढा, गाडी येईपर्यंत. गुटी, मध, पोटावर डाग मात्र नकोच. "खर्च कोण करणार?" असंही विचारतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. वाटेत बाळ छातीशी धरा, पीत असेल तर पाजत राहा.

वर्गात आम्ही सेकंदकाट्याच्या घड्याळावर एकमेकांचे श्वास मोजले. बहुतेकांचे वीसच्या आसपास भरले. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी वहीत आकडा लिहून घेऊन आली: ४४. आईसोबत बसून, दोनदा मोजलेला.