झुडपावरचा तो गाणारा कोण?

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला आले आहे. मागच्या अंगणातल्या झुडपावर रोज सकाळी एक तपकिरी पक्षी गातो. चिमणीएवढाच आहे, पण छातीवर काळपट रेघा आहेत. ही चिमणीच का?
– एक वाचक

उत्तर : चिमणी नव्हे. हा बहुधा साँग स्पॅरो. आपली चिमणीही तिथे दिसेल, पण ती १८५०च्या दशकात युरोपातून आणून ब्रुकलिनला सोडलेल्यांच्या वंशातली. हा मात्र मूळचा तिथलाच. नावात ‘स्पॅरो’ असलं तरी त्याचं जवळचं नातं चिमणीशी नाही, तर हिवाळ्यात आपल्या ज्वारीच्या शेतांवर उतरणाऱ्या भारिटांशी आहे.

छातीवरच्या रेघा मधोमध एकवटून गडद ठिपका झाला आहे का, ते पाहा. पण एवढ्यावर विसंबू नका, कारण तो ठिपका प्रत्येकात ठळक नसतो. माझा भरवसा शेपटीवर जास्त. एका झुडपातून दुसऱ्यात जाताना हा आपली लांब, गोलसर शेपटी वरखाली हलवत खालूनच उडतो.

आणि गाणं! आधी दोन-तीन सुटे, स्वच्छ सूर, मग किणकिण आणि खरखर यांची सरमिसळ. एकेका नराकडे साधारण आठ-दहा गाणी असतात. एक गाणं तो बराच वेळ घोळवतो, मग दुसरं धरतो. तुम्ही रोज ऐकताच आहात, तर मोजून पाहा. ओहायोतल्या कोलंबस शहरात मार्गारेट मोर्स नाइस या बाईंनी १९२८पासून घराजवळच्या या पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालून एकेकाला ओळखीचं केलं. त्यांच्याकडे विद्यापीठातली नोकरी नव्हती, पदरी मुली होत्या. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत एकाच नराजवळ बसून त्यांनी २,०००हून अधिक वेळा त्याचं गाणं मोजलं. पक्ष्याला असं जवळून ओळखणं मला फार मोलाचं वाटतं.

एरवी हा जमिनीवरच असतो. दोन्ही पायांनी एकदम पाचोळा उकरून किडे आणि बिया टिपतो. मादी गवताची वाटी विणते, तीही बहुतेकदा जमिनीवर किंवा झुडपात अगदी खाली. काउबर्ड नावाचा पक्षी तिच्यात आपली अंडी घालून जातो, कोकिळा कावळ्याच्या घरट्यात घालते तशी. उन्हाळ्यात गवत कापण्याआधी झुडपांच्या बुडाशी एकदा वाकून पाहायला मुलाला सांगा.