सहा टिंबांची लिपी आणि सीमाभागातील मूल

आपल्या मासिकाचे मराठी व कन्नड असे दोन विभाग आहेत आणि दोन्हींचे टंक वेगळे. परंतु हेच मासिक अंध वाचकांसाठी छापावयाचे ठरले तर एकच टंक दोन्हींना पुरेल, हे मला गेल्या वर्षी ब्रेल शिकू लागेपर्यंत ठाऊक नव्हते. निंबर्ग्यातील एका आईच्या प्रश्नामुळे मी या विषयाकडे वळलो. तिचा आठ वर्षांचा अंध मुलगा आजोळी, अक्कलकोटकडे, मराठीतून ब्रेल शिकला होता. आता त्याला इकडे कन्नड शाळेत घालावयाचे होते. "लिपी बदलली म्हणजे पोराला पुन्हा पहिलीपासून बसवायचं का?" असे तिने विचारले.

उत्तर देण्यापूर्वी लिपीची घडण पाहू. लुई ब्रेल (१८०९–१८५२) हा फ्रान्समधील खोगीर करणाऱ्याचा मुलगा. तिसऱ्या वर्षी वडिलांचीच आरी लागून त्याची दृष्टी गेली. बार्बिए नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची बारा टिंबांची पद्धत बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. लुईने १८२४ च्या सुमारास ती सहा टिंबांवर आणली. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. यांतून ६३ चिन्हे होतात.

भारतात पूर्वी निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या ब्रेल पद्धती होत्या. १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' स्वीकारण्यात आले. तत्त्व साधे आहे: उच्चार एक, तर चिन्हही एक. 'क' मराठीतला असो वा कन्नडातला, टिंबे १ आणि ३. आपला लाडका 'ळ' दोन्हीकडे ४-५-६.

आपल्या गावाचेच नाव घेऊ. डोळस लिपीत मराठीची ऱ्हस्व वेलांटी 'न'च्या आधी बसते आणि रफार 'गा'च्या डोक्यावर चढतो; कन्नडात तोच रकार अक्षराच्या मागे जातो. ब्रेलमध्ये मात्र जसे बोलावे तसे लिहावे. न (१-३-४-५), इ (२-४), अनुस्वार (५-६), ब (१-२), मग जोडाक्षराची खूण म्हणून टिंब ४, र (१-२-३-५), ग (१-२-४-५), आ (३-४-५). ही आठ घरे बोटाखाली आली की 'निंबर्गा' वाचून झाले. मराठी मुलाने वाचले की कन्नड मुलाने, हे त्या कागदावरून सांगता येणार नाही.

एक फरक आहे. कन्नडात ऱ्हस्व ए व ऱ्हस्व ओ वेगळे असतात, मराठीत नाहीत. त्यांसाठी अनुक्रमे २-६ आणि १-३-४-६ ही चिन्हे आहेत. म्हणजे त्या मुलाला दोन स्वरचिन्हे नवी शिकावी लागतील. लिपी हातची जात नाही. भाषा मात्र शिकावीच लागेल; ती गल्लीतल्या पोरांबरोबर खेळताना पुष्कळशी येते. म्हणून मी त्या माउलीला सांगितले, की माध्यमाची काळजी नंतर करा, ब्रेल येणारा शिक्षक कोठे आहे ते आधी विचारा. माझ्या मते खरी अडचण तीच आहे.

कायदा तिच्या बाजूचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षण मिळाले पाहिजे. पुस्तके व साधनेही मोफत. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. ग्रामपंचायतीकडे अपंगांच्या कामासाठी ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता नेमलेला असतो, त्यास भेटावे. तान्ह्या मुलाच्या बुबुळात पांढरी झाक दिसली तर अंगारेधुपारे करीत न बसता ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. जन्मजात मोतीबिंदूत महिन्यांचा उशीरही नडतो.

काही जण म्हणतात, आता मोबाईलच वाचून दाखवतो, ब्रेल कशाला? ऐकून ज्ञान मिळते, हे खरे. पण 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक कानाला कळत नाही, बोटाला कळतो. (मला ब्रेल डोळ्यांनी वाचता येते, बोटांनी अजून जमत नाही. आठ वर्षांच्या मुलाला ते सहज जमते.)

लिहिण्याची रीत गमतीची आहे. पाटीत कागद अडकवून टोच्याने उजवीकडून डावीकडे, उलटी अक्षरे टोचावयाची. कागद फिरवला की टिंबे वर येतात व डावीकडून उजवीकडे वाचता येतात. साधा वहीचा कागद फाटतो, जाडच लागतो. जुन्या कॅलेंडरची पाने यासाठी उत्तम. तेव्हा वर्ष संपल्यावर ती रद्दीत घालू नका, ग्रंथालयात माझ्याकडे आणून द्या. त्या मुलाला आठवड्याला वीसएक पाने लागतात.