एल्डरबेरी आणि हिवाळ्यातली सर्दी



एल्डर हे युरोपभर कुंपणांच्या कडेला, ओढ्याकाठी, पडीक जागेत आपोआप उगवणारे मोठे झुडूप आहे. जुने झाले की त्याचे लहानसे झाड होते. वनस्पतिशास्त्रात त्याला सांबुकस नायग्रा म्हणतात. मे-जूनमध्ये त्याला मलईच्या रंगाचे पसरट, सुवासिक फुलोरे येतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांच्या जागी काळपट जांभळ्या बारीक फळांचे घोस लोंबू लागतात. हीच एल्डरबेरी. जर्मनीत झाडाला होलुंडर म्हणतात आणि उत्तरेकडच्या भागात फ्लीडर. दुकानातल्या बाटलीवर यांपैकी कोणतेही नाव असू शकते. सह्याद्रीत हे झाड उगवत नाही, त्यामुळे मराठी घरात त्याची माहिती नसते.

जर्मन आणि डॅनिश घरांत मात्र त्याचे स्थान आपल्याकडच्या तुळस-आल्याच्या काढ्याचे आहे. लाइपझिगमध्ये १६३१ साली मार्टिन ब्लोखविट्झ या वैद्याचा केवळ एल्डरवरचा लॅटिन ग्रंथ छापला गेला. डॅनिश कथाकार हान्स क्रिश्चन अँडरसनची एक गोष्ट याच झाडाची आहे. १८४४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या त्या गोष्टीत पाय भिजवून सर्दी ओढवून घेतलेल्या मुलासाठी आई एल्डरचा चहा करते आणि त्या किटलीतूनच फुलांनी डवरलेले झाड वर येते. हा चहा फुलांचा असे, आणि पांघरूण घेऊन घाम काढण्यासाठी तो गरमगरम प्यायचा, अशी जुनी रीत. आज बाटल्यांतून आणि गोळ्यांतून ज्याची जाहिरात होते, ते फळ आहे.

फूल आणि फळ यांतला हा फरक लक्षात ठेवावा, कारण युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीनेही तो केला आहे. फुलांना तिने सर्दीच्या सुरुवातीच्या लक्षणांवरचे पारंपरिक औषध म्हणून मान्यता दिली. मात्रा अशी: २ ते ५ ग्रॅम सुकी फुले १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात घालून, दिवसातून तीनदा, १२ वर्षांवरील व्यक्तीने घ्यावी. अशा मान्यतेसाठी गुण चाचणीने सिद्ध करावा लागत नाही. किमान ३० वर्षांचा वापर, त्यांपैकी १५ वर्षे युरोपीय संघातला, आणि त्या वापरात अपाय न आढळणे एवढे पुरते. फळांच्या बाबतीत समितीने २०१४ साली उपलब्ध माहिती अपुरी ठरवली आणि तशी मान्यता दिली नाही. फळ निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. पण बाटलीवरच्या मोठ्या अक्षरांकडे पाहताना हे ठाऊक असावे.

फळावर चाचण्या झाल्या आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. नॉर्वेत १९९९-२००० च्या हिवाळ्यात फ्लूच्या ६० रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना एल्डरबेरीचे सिरप १५ मिलिलिटर, दिवसातून चार वेळा, पाच दिवस दिले. निम्म्यांना तशाच चवीचे निव्वळ पाणचट सिरप. औषध घेणारे सरासरी चार दिवस आधी बरे झाले. जाहिराती आजही याच आकड्यावर उभ्या आहेत, परंतु ६० ही संख्या फार लहान आहे. ऑस्ट्रेलियातून परदेशी निघालेल्या ३१२ विमानप्रवाशांवरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात एल्डरबेरीची कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी १२ जणांना सर्दी झाली, न घेणाऱ्यांपैकी १७ जणांना. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. आजारपणाचे एकूण दिवस मात्र पहिल्या गटात ५७ आणि दुसऱ्या गटात ११७ भरले, म्हणजे सर्दी टळली नाही तरी थोडक्यात आटोपली असे म्हणता येते. नंतर अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये तपासणीने फ्लू निश्चित झालेल्या ८७ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२० साली तिचा निष्कर्ष आला: एल्डरबेरीने आजार ना लवकर बरा झाला, ना सौम्य झाला. रुग्णांचा फ्लू प्रयोगशाळेत पक्का केलेला असल्यामुळे ही चाचणी अधिक वजनदार मानावी लागते.

फळाचा गडद रंग अँथोसायनिन या द्रव्यांचा. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर ती फ्लूच्या विषाणूला चिकटू देत नाहीत असे दिसले आहे. पोटातून रक्तात मात्र त्यांचा फारच थोडा अंश पोहोचतो, म्हणून बशीतला गुण घशात तसाच उतरेल असे धरता येत नाही. शिवाय साधी सर्दी सात ते दहा दिवसांत स्वतःहून बरी होते. माणूस औषध शोधतो ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, त्रास सर्वांत जास्त असताना. त्यानंतर काहीही घेतले तरी उतार पडणारच असतो. एल्डरबेरीची कीर्ती बरीचशी या उतारावर वाढली आहे. तरीही गरम, आंबटगोड पेयाने घसा शेकतो, पाणी पोटात जाते, झोप लागते. परक्या गावात, एकट्या खोलीत, आजारी माणसाला याची किंमत मोठी असते आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

धोका आहे तो कच्च्या फळात. एल्डरची पाने, देठ, साल, मुळे, हिरवी फळे आणि पिकल्या फळांतल्या बिया यांत सांबुनिग्रिन नावाचे द्रव्य असते आणि पोटात त्यातून सायनाइड सुटते. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे परगण्यात ऑगस्ट १९८३ मध्ये एका आडरानातल्या मेळाव्यात रानटी एल्डरबेरी पाने-देठांसकट चिरडून रस काढला आणि त्यात सफरचंदाचा रस, पाणी, साखर मिसळून २५ जणांना दिला. पंधरा मिनिटांत ११ जणांना मळमळ-उलट्या सुरू झाल्या. आठ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. सगळे बरे झाले. ‘नैसर्गिक’ म्हणून कच्चा रस पिण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

घरी करायचेच असेल तर पूर्ण काळी झालेली फळेच घ्यावीत. काट्याने देठांपासून सोडवून हिरवी फळे आणि बारीक काड्या निवडून टाकाव्यात. थोड्या पाण्यात चांगली उकळी आणून आणखी पंधरा-वीस मिनिटे खळखळू द्यावे, मग कापडातून गाळावे आणि चोथा फेकून द्यावा. चवीला लिंबू, आले, दालचिनी काहीही चालते. झाडाची ओळख पक्की नसेल तर रानातून काही तोडूच नये. त्याच कुळातील आटिख नावाची जात विषारी आहे: ती कंबरेएवढी किंवा थोडी उंच असते, तिचा दांडा हिरवाच राहतो, लाकूड होत नाही, आणि तिच्या फळांचे घोस खाली न लोंबता वर ताठ उभे असतात. हौसेने फिरायला गेलेल्या मुलांनी ही खूण तरी ठाऊक करून घ्यावी.

विकतच्या मालात वेगळी काळजी. एल्डरबेरीच्या अर्कात काळ्या तांदळाचा किंवा जांभळ्या गाजराचा रंग मिसळल्याची उदाहरणे आढळली आहेत. पोर्तुगालमध्ये अठराव्या शतकात पोर्ट वाइनला रंग चढवण्यासाठी याच फळाची इतकी भेसळ होई, की तिथला मुख्य मंत्री मार्केस द पोंबाल याने दोऊरू खोऱ्यातली एल्डरची झाडे उपटायला लावली होती. रंगाचा व्यापार जुनाच आहे. साखरही पाहावी. सिरपच्या चमच्याचमच्यात ती असते आणि मधुमेह असणाऱ्याला ते सोसत नाही. गर्भवतींनी, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये. एक वर्षाखालच्या बाळाला मध घातलेले कोणतेही सिरप देऊ नये.

फ्लू म्हणजे जरा जोराची सर्दी, हा समज घातक आहे. भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला आणि दगावलेली मुलगी अवघी चौदा वर्षांची होती. सर्दी हळूहळू चढते, नाक-घशापुरती राहते. फ्लूमध्ये काही तासांत अंग मोडून येते, ताप भडकतो, अंथरुणातून उठवत नाही. फ्लूवरचे ओसेल्टामिव्हिर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतले तरच जास्त उपयोगी पडते, म्हणून दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्याने सिरपवर दोन दिवस घालवणे म्हणजे तेच दोन दिवस गमावणे. अशांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लस घ्यावी.

जर्मनीत शिकायला गेलेल्यांसाठी एक गोष्ट: तिथे विद्यार्थ्यांना आरोग्यविमा सक्तीचा आहे, त्यामुळे खर्चाच्या भीतीने डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. ताप तीन दिवसांत उतरला नाही, किंवा उतरून पुन्हा चढला, तर घराजवळच्या डॉक्टरांना दाखवावे. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ११६११७ या क्रमांकावर फिरते डॉक्टर व सल्ला मिळतो. श्वास लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, बोलण्यात गोंधळ होणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट ११२ लावावा.

— मामा