‘एसएमपीएस गेला’ म्हणण्याआधी



मंडळ्यांकडून आमच्या वसतिगृहाला मिळालेले संगणक बहुधा दहा-पंधरा वर्षांचे असतात. एखाद्या दिवशी बटण दाबले तरी काहीच होत नाही आणि निदान लगेच तयार असते : ‘एसएमपीएस गेला!’ एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला पत्र्याचा डबा. घरातल्या २३० व्होल्ट विजेपासून तो संगणकाला लागणारे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो. कधी तो खरोखरच गेलेला असतो. पण मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज याच संगणकावर भरले जातात, आणि तालुक्याला नेला की आठ दिवस गेलेच. म्हणून आधी घरी तपासावे.

त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून पाहा, केबल बदला, मागचे छोटे स्विच पाहा. केर काढताना ते बंद होते. काही जुन्या डब्यांवर ११५/२३० असा सरकता खटका असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून वीज दिली तर डबा जळतोच.

आता कॅबिनेट उघडा. मदरबोर्डवरचा छोटा दिवा लागलेला असेल, तर निदान काही वीज पोहोचते आहे. मग बटणावर संशय घ्या. बटणाच्या तारा जिथे बसतात त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. संगणक सुरू झाला तर दोष बटणाचा.

नाही झाला, तर वीज काढून मदरबोर्डचा २० किंवा २४ पिनांचा मोठा कनेक्टर सोडवा. त्यातली एकुलती एक हिरवी तार आणि कोणतीही काळी तार कागदाच्या क्लिपने जोडा. जुनी हार्ड डिस्क जोडलेली असू द्या. काही डबे भाराशिवाय चालत नाहीत. आता वीज द्या.

पंखा फिरला की बरेच जण ‘डबा चांगला आहे’ म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. पंखा फक्त १२ व्होल्टवर चालतो; बाकीच्या पुरवठ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. मल्टिमीटर डीसी २० वर ठेवा (खिशातला टेस्टर इथे उपयोगाचा नाही), काळी दांडी काळ्या तारेला लावा. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४६ व्होल्ट यायला हवेत. जांभळ्या तारेवर क्लिपशिवायही ५ व्होल्ट असतात. तेच नसतील तर डबा गेला.

आकडे बरोबर आले तरी वीज काढून कनेक्टर पुन्हा बसवा आणि बटण दाबत असतानाच मागच्या बाजूने मोजा. म्हातारा डबा रिकामा असताना ठणठणीत दिसतो, भार पडला की कोसळतो. हार्ड डिस्क, डीव्हीडी, कार्डे एकेक करून काढल्यावर संगणक सुरू झाला, तर दोष त्या वस्तूत असू शकतो. मदरबोर्डवरचे गोल कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, तर नवा एसएमपीएस आणून उपयोग नाही.

डबा मात्र उघडू नका, मुलांना तर मुळीच उघडू देऊ नका. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षाही जास्त साठा राहू शकतो. काही कंपन्यांच्या जुन्या संगणकांत तारांचे रंग आणि जागा वेगळ्या असतात. तिथे क्लिप लावू नये. नवा डबा घेताना जुन्याइतक्या किंवा जास्त वॅटचा घ्यावा, आणि प्रोसेसरजवळचा ४ पिनांचा वेगळा कनेक्टर बसवायला विसरू नये.